सील शाबूत

गारखेड्यात पहाटे साडेपाचला विशीतला मुलगा रस्त्याने पळताना दिसला, तर त्याला व्यायामाची आवड आहे असं कुणी म्हणत नाही. तो भरतीचा असतो. विभागीय क्रीडा संकुलापासून निघून सूतगिरणी चौक ओलांडावा आणि गजानन महाराज मंदिराकडे चालत राहावं, तर दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर महाराष्ट्रात घेतल्या जाणाऱ्या बहुतेक परीक्षांची नावं वाचून होतात. तलाठी, टीईटी, नीट, एमपीएससी, बँक, रेल्वे. त्यांच्या अधेमध्ये अभ्यासिका. खाली मेडिकल नाहीतर झेरॉक्स, वर जाणारा अरुंद जिना, जिन्यात चपलांचा ढीग. पाटीवर वायफाय, एसी, लॉकर आणि 'थंड पाणी'. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार याचे दिवस मोजावे लागतात, तिथे थंड पाण्याचं आमिष वायफायच्या बरोबरीने लिहिलं जातं यात नवल नाही.

अशाच एका अभ्यासिकेत मी काही महिने खुर्ची घेतली होती. माझं काम घरूनच चालतं, पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी. कुठल्या तरी कारखान्यात खरेदी खात्यात अफरातफर झालेली असते, कुणी नोकरी सोडताना गिऱ्हाइकांची यादी घेऊन गेलेला असतो. त्यांचे लॅपटॉप, त्यांच्या डिस्क तपासून काय सापडतं ते लिहून द्यायचं. केव्हज रोडवरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेतून डिजिटल फॉरेन्सिकची पदविका घेतली होती. २००९ साली ही संस्था आपल्या गावात निघाली नसती तर हा विषय माझ्यापर्यंत पोचलाही नसता. पण पदविका वेगळी आणि ज्या सॉफ्टवेअरवर रोज हात चालतो त्याचं प्रमाणपत्र वेगळं. कंपनी म्हणाली, एनकेसची परीक्षा द्या. लायसन्स त्यांचं, डोंगल त्यांचं, अभ्यास माझा.

शेजारच्या खुर्चीवर सिल्लोडकडचा एक मुलगा होता. माझ्या वहीतले शून्य ते नऊ आणि ए ते एफ असे सोळा अंकांचे तक्ते बघून त्याने न राहवून विचारलं, "मॅडम, तुमचं कशाचं?" मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला, तो गारखेड्यातला एकमेव खरा प्रश्न आहे. "जागा किती आहेत?"

जागा नाहीत, म्हटल्यावर त्याने माझ्याकडे फार कळवळ्याने पाहिलं.

जागा नसलेल्या या परीक्षेचं स्वरूप थोडक्यात सांगायचं तर दोन टप्पे. पहिला पर्यायी उत्तरांचा, त्यात शंभरात ऐंशी लागतात. दुसरा प्रात्यक्षिकाचा. एक बनावट खटला आणि त्याचा पुरावा हाती देतात, साठ दिवसांच्या आत तपासून अहवाल पाठवायचा, तिथे पंच्याऐंशी लागतात. मिळालेलं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग नूतनीकरण. एनकेस हे सॉफ्टवेअर कॅलिफोर्नियातल्या पासाडिनाच्या गायडन्स सॉफ्टवेअर या कंपनीचं. कंपनी १९९७ ची. २०१७ मध्ये कॅनडाच्या ओपनटेक्स्टने ती विकत घेतली. एनकेसचं जुनं प्रतिस्पर्धी एफटीके, तेही २०२० मध्ये एक्स्टेरो या कंपनीकडे गेलं. म्हणजे ज्यांच्या सहीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं त्यांचंच नाव मधल्या काळात बदललेलं असू शकतं. डॉलरमधली फी भरताना हा विचार मनात येतो, आणि तो दाबावा लागतो. ब्रायन कॅरिअरचं ऑटोप्सी हे याच कामाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याच्या आतला कोडही उघडा आहे. फाइल सिस्टिमवरचं त्याचं २००५ चं पुस्तक तर मी कुठल्याही कंपनीच्या पाठ्यपुस्तकाच्या आधी वाचायला देईन. माझं मत विचाराल तर हत्यार कुठलंही शिका, पण त्याच्या पात्याखाली काय चाललंय ते आधी शिका. बटण दाबल्यावर पुसलेली फाइल वर येते हे कुणालाही जमतं. ती कुठून आली हे कोर्टात सांगता आलं पाहिजे.

अण्णांना हे पटकन कळलं. माझे वडील पोलीस खात्यात होते. जालना, वैजापूर, पैठण अशा बदल्या होत होत शेवटची कित्येक वर्षं ते मुद्देमाल कारकून होते. चौकीत मुद्देमालाच्या खोलीला मान नसतो. सगळी वाखाणणी तपास करणाऱ्याची. पण चाकू असो, रक्ताळलेला शर्ट असो की दारूची बाटली, ती वस्तू कोर्टात पोचेपर्यंत जशीच्या तशी ठेवायची जबाबदारी मुद्देमालवाल्याची. प्रयोगशाळेत पाठवायचं पुडकं तयार करताना अण्णांना मी लहानपणी पाहिलंय. खाकी कागद, वर पांढरं कापड, सुती दोऱ्याच्या आडव्याउभ्या दोन फेऱ्या, गाठीवर पंचांच्या सह्यांचं लेबल. मग मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची. लाख थेंबाथेंबाने गाठीवर पडू लागली की खोलीत एक गोडसर जळका वास भरायचा. थेंब थिजायच्या आत पितळी शिक्का दाबायचा आणि क्षणभर तसाच धरायचा. घाई केली तर अक्षरं फाटतात, उशीर झाला तर उमटतच नाहीत. त्याच शिक्क्याचा एक ठसा वेगळ्या कागदावर घेऊन सोबत पाठवायचा, प्रयोगशाळेने ताडून बघावा म्हणून. एसटीने पुडकं नेताना ते वरच्या फळीवर कधी ठेवलं नाही. मांडीवर. प्रयोगशाळेतून आलेल्या अहवालात रक्तगट काय, विष कुठलं हे ते नंतर वाचत. आधी वरचं वाक्य वाचत. सील शाबूत आणि पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम.

तेव्हा हॅश म्हणजे काय हे त्यांना समजावताना मला फार शब्द खर्चावे लागले नाहीत. म्हटलं, अण्णा, ही डिस्कची लाख आहे.

काम असं चालतं. मूळ डिस्कला कधी हात लावायचा नाही. ती विंडोजला नुसती जोडली तरी विंडोज तिच्यावर आपल्या खुणा उमटवून ठेवतं, कुणी काही उघडलं नसलं तरी. म्हणून मध्ये राइट ब्लॉकर लावतात. हाताच्या पंजाएवढी ती पेटी. एका बाजूला पुरावा, दुसऱ्या बाजूला आपला संगणक. वाचण्याची आज्ञा तिच्यातून पलीकडे जाते, लिहिण्याची अडते. मग पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत पूर्ण डिस्कची बरहुकूम नक्कल घ्यायची. भरलेली जागा, रिकामी जागा, पुसलेलं, न पुसलेलं, सगळं. एनकेसच्या नकलेत दर ६४ सेक्टरनंतर एक तपासणी अंक बसतो आणि सगळ्याच्या शेवटी हॅश. डिस्कवरचा एक बिट इकडचा तिकडे झाला तरी हॅश ओळखू येणार नाही इतका बदलतो.

"दर चौसष्टला गाठ," अण्णा म्हणाले. "अन् शेवटाला लाख. बरोबर हाय."

हॅशची एक गोष्ट मला फार आवडते, आणि ती परीक्षेत विचारत नाहीत. ज्या फाइलमध्ये काहीच नाही, शून्य बाइट, तिलाही हॅश असतो. एमडी-५ या पद्धतीने काढला तर तो असा येतो: डी४१डी८सीडी९ ८एफ००बी२०४ ई९८००९९८ ईसीएफ८४२७ई. बत्तीस चिन्हं. टोकियोत काढा, पैठणला काढा, आज काढा, पन्नास वर्षांनी काढा, हाच. या क्षेत्रात काही काळ काढलेल्या माणसाला तो ओळखीच्या गाडीच्या नंबरासारखा दुरूनच कळतो. हजारो फाइलींच्या यादीत डी४१डी दिसलं की समजायचं, इथे नावाची पाटी आहे, आत कुणी राहत नाही. रोनाल्ड रिव्हेस्टने ही पद्धत १९९१ मध्ये रचली. २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि तिच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांना एकच एमडी-५ येऊ शकतो हे दाखवून दिलं आणि लाखेला तडा गेला. आता शा-२५६ वापरायचा, चौसष्ट चिन्हांचा. पंचनाम्यात तो हाताने उतरवून घ्यायची वेळ आली तर लिहिणाऱ्या हवालदाराचा चेहरा बघावा. मी सांगते आहे, "एफ, फ्लॅगचा एफ", तो लिहितो आहे, आणि चाळिसाव्या चिन्हाला कुणीतरी चहा आणतो.

पुसलेली फाइल कुठे जाते, हा प्रश्न मला सगळे विचारतात. उत्तर निराशाजनक आहे. कुठेच जात नाही. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची एका मोठ्या नोंदवहीत सहसा १०२४ बाइटची नोंद असते. तिच्यात एक खूण असते, ही नोंद वापरात आहे म्हणून. आपण कचरापेटी रिकामी केली की ती खूण शून्य होते. एवढंच. नाव तिथेच, तारखा तिथेच, मजकूर जिथे होता तिथे. जुन्या फॅट पद्धतीत नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडून त्या जागी ई-५ हा अंक टाकतात, उरलेलं नाव शाबूत. संगणकाने त्या जागेवरचा आपला हक्क सोडलेला असतो, जागा झाडून घेतलेली नसते. नव्या एसएसडी डिस्क मात्र रिकाम्या जागा स्वतःच उरकून टाकतात, त्यामुळे 'पुसलेलं सगळं परत मिळतं' असं सांगणाऱ्या दुकानांवर विश्वास ठेवायचे दिवस सरत आले.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो स्लॅकमध्ये. डिस्क जागा देते ती ठोक मापाने, साधारणपणे ४०९६ बाइटचा एक क्लस्टर. फाइल लहान असली आणि क्लस्टर अर्धाच भरला तर उरलेला भाग तसाच पडून राहतो, आणि त्यात त्या जागेवर पूर्वी राहून गेलेल्या फाइलचं शेपूट सापडतं. सरावासाठी मी पैठण गेटच्या एका दुरुस्तीवाल्याकडून जुन्या हार्ड डिस्क भंगारच्या भावात आणल्या होत्या. एकीत एका लग्नपत्रिकेची फाइल होती. श्रीगणेशाय नमः, वधूवरांची नावं, मुहूर्त, मंगल कार्यालय. पत्रिका संपली आणि तिच्या शेवटच्या क्लस्टरात थोड्या शून्यांनंतर मजकूर पुन्हा सुरू झाला. तो पत्रिकेचा नव्हता. कुण्या दुकानाची उधारी होती. साखर, गोडेतेल, शेंगदाणे, चहापत्ती. नाव, रक्कम, नाव, रक्कम. काहींच्या पुढे 'जमा'. शेवटची ओळ एका आडनावाच्या मधेच तुटलेली, कारण क्लस्टर तिथे संपला होता.

मी बराच वेळ त्या तुटलेल्या आडनावाकडे बघत राहिले. मन लगेच कामाला लागतं. दुकानदाराने संगणक विकला असेल, घेणाऱ्याच्या घरी लग्न निघालं असेल, उधारीवाल्यांपैकी कुणी त्या लग्नाला जेवूनही गेला असेल. गोष्ट रचायला आपल्याला दोन ओळी पुरतात. पण त्या डिस्कने मला सांगितलेलं इतकंच होतं की अमुक क्लस्टरात, अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंत ही अक्षरं आहेत. ती कुणी टंकली हे तिला ठाऊक नाही. पैसे खरोखर येणं होतं की नाही, हेही नाही. ज्यांची नावं त्यात होती त्यांनी मला ती वाचायला सांगितली नव्हती. सराव झाल्यावर त्या डिस्कवर मी पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य लिहिले. रात्रभर चालत होतं ते.

प्रमाणपत्राच्या अभ्यासात खरं शिकायचं असतं ते हे. हत्यार तर तुम्हाला सगळं दाखवायला उतावीळ असतं. रंगीत रेघा, कालक्रमाचे तक्ते, कोण कुणाशी बोललं याची जाळी. बघणाऱ्याने आपल्या वाक्याला लगाम घालायचा असतो. सरावासाठी मिळालेल्या एका नमुना अहवालातलं वाक्य मी अण्णांना मराठीत सांगितलं होतं, संशयिताने रात्री अकराला फाइल पुसली. अण्णा दाढी करत होते. वस्तरा थांबला.

"कोणी पाहिलं?"

"पाहिलं नाही कुणी, अण्णा. संगणकात नोंद आहे."

"मग नोंद आहे असं लिहावं. तो पुसत होता हे कामून लिहिलं? त्याचा पोरगा बसला असंल खुर्चीवर."

नेमकी हीच तंबी पाठ्यपुस्तकात अनेक पानं खर्चून दिलेली आहे. अमुक वापरकर्ता खात्यातून, अमुक वेळी, अशी नोंद आढळते. माणूस आणि खातं एकच आहेत असं डिस्क कधीच म्हणत नाही. ते सिद्ध करायचं तर बाहेरून दुसरं काही आणावं लागतं, कॅमेरा, हजेरी, दाराच्या कार्डाची नोंद.

आणि वेळ. त्यात तर पदोपदी खड्डे. विंडोजचं घड्याळ १ जानेवारी १६०१ पासून मोजतं, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. ग्रेगोरियन पंचांगाचं चारशे वर्षांचं आवर्तन तिथे सुरू होतं म्हणून ती तारीख. मला तिचं वेगळंच अप्रूप. तेव्हा अहमदनगरचा किल्ला नुकताच, १६०० मध्ये, मोगलांकडे गेला होता आणि मलिक अंबरने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवायला अजून नऊ वर्षं होती. म्हणजे हे शहर जमिनीवर यायच्या आधीपासूनच्या क्षणांचा हिशेब माझ्या टेबलावरचा लॅपटॉप ठेवतो. एखाद्या नोंदीत तारखेची जागा कोरी असली तर काही हत्यारं तिथे सरळ १ जानेवारी १६०१ छापून मोकळी होतात, आणि नवखा माणूस दचकतो. शिवाय एनटीएफएस वेळ लिहितं ती जागतिक प्रमाणवेळेत, फॅट लिहितं स्थानिक वेळेत. आपण जगाच्या साडेपाच तास पुढे. तो वरचा अर्धा तास परदेशी प्रश्नकर्त्यांना फार प्रिय आहे, भारतातला संशयित प्रश्नात आला की तो पेरलेला असतोच.

एक गंमत अशी की या परीक्षेत अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांना कायद्याचे प्रश्न नसतात. तिकडचा कायदा तुम्हाला काय करायचा, असा साधा हिशेब. तेव्हा आमच्यासाठी तो भाग कोरा. पण तो भरून निघाला तो आमच्याच भागातून, साठेक किलोमीटरवरच्या जालन्यातून. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल देशभर ज्या निकालाचा दाखला दिला जातो, तो अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल. दिल्लीत, मुंबईत, बंगळुरूत कुठल्याही प्रशिक्षणात गेलं की वक्ते ही नावं अडखळत उच्चारतात आणि मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं.

२०१४ ची विधानसभा. जालन्यात खोतकर २९६ मतांनी निवडून आले. अर्ज भरायची शेवटची मुदत २७ सप्टेंबर, दुपारी तीन. गोरंट्याल यांचं म्हणणं, खोतकरांचा अर्ज तीननंतर स्वीकारला गेला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आयोगाने लावलेले कॅमेरे होते, त्यांचं चित्रीकरण होतं. खटला उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात चालला, जालना रोडवर. गारखेड्यातून दुचाकीवर निघालं तर सिग्नल धरून फार वेळ लागत नाही. चित्रीकरणाच्या सीडी कोर्टासमोर आल्या, पण पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमाखाली त्यासोबत लागणारं प्रमाणपत्र आलं नाही. याचिकाकर्त्यांनी वारंवार मागितलं, अधिकाऱ्यांनी दिलं नाही. शेवटी उच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांची साक्षच पुरेशी धरली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी, सगळं जग घरात बसलेलं असताना, न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निकाल दिला. मूळ यंत्रच कोर्टात आणलं असेल तर गोष्ट वेगळी. नक्कल आणायची तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. पण ज्याने ते मिळवायला शक्य ते सगळं केलं आणि तरीही ते त्याला दिलं गेलं नाही, त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा कायदा करत नाही. बाकीचा पुरावाही होताच. उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून दुसरी निवडणूकही होऊन गेली होती आणि तीत गोरंट्याल निवडून आले होते. राजकारणाला त्या निकालाचा उपयोग उरला नव्हता. आम्हाला मात्र तो रोज लागतो.

दुपारचे तीन, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे सकाळचे साडेनऊ. परीक्षेच्या आदल्या रात्री वेळेची गणितं करताना मी हेच उदाहरण घेऊन बसले होते. अमेरिकेच्या पुस्तकातला संशयित मला कधी खरा वाटला नाही. जालन्याच्या कार्यालयातलं भिंतीवरचं घड्याळ खरं वाटलं.

दोन्ही टप्पे पार पडले. प्रात्यक्षिकात काय होतं ते बाहेर सांगायचं नाही अशी अट असते, आणि सांगण्यासारखं नाट्यही त्यात नाही. निकालाची मेल आली तेव्हा घरी पाण्याचा दिवस होता, आई आणि मी टाकी, पिंप, हंडे भरत होतो. प्रमाणपत्राची छपाई खालच्या झेरॉक्सवाल्याकडे केली. तो लॅमिनेशनचा आग्रह धरून बसला होता. अण्णांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं, इंग्रजी त्यांना सावकाश वाचावं लागतं, आणि मुदतीच्या तारखेवर बोट ठेवलं. "तीन वर्षांनी परत?" म्हटलं, हो. ते म्हणाले, "चांगलंय. आमच्या खात्यात एकदा शिकवलं ते रिटायर होईस्तोवर."

खात्यातही आता तसं राहिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं कायद्यात आलं. जुन्या ६५ ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३ वं कलम आलं आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. भाग अ पुरावा आणणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. यंत्र कुठलं, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक. रंगसुद्धा. खाली हॅश, आणि कुठल्या पद्धतीचा त्यापुढे खूण करायची. त्या पर्यायांत २००४ मध्येच तडा गेलेलं एमडी-५ अजून बसलेलं आहे, हे बघून मला हसू आलं होतं. तज्ज्ञ कोण, हे मात्र माझ्या भिंतीवरचा कागद ठरवत नाही. सरकार प्रयोगशाळांना अधिसूचित करतं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ अ कलमाखाली. बाकीच्यांचं तज्ज्ञपण उलटतपासणीत ठरतं. कंपनीचं प्रमाणपत्र म्हणजे त्या कंपनीचं हत्यार तुम्हाला चालवता येतं, एवढीच ग्वाही. वकील मंडळी हे जाणूनच येतात, आणि तरी भाग ब समोर ठेवतात.

परवाच एक वकील आले होते. तरुण, घाईत, हेल्मेट हातातच. पेन ड्राइव्हमध्ये अपघाताची एक चित्रफीत होती, दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यातली. भाग ब छापून आणलेला, सहीच्या जागी पेन्सिलने फुली.

"मॅडम, हॅश तेवढा काढा अन् सही करा. उद्या तारीख आहे."

"ही फीत तुमच्याकडे कशी आली?"

"दुकानदाराने व्हॉट्सॲपवर पाठवली."

व्हॉट्सॲप चित्रफीत आपल्या मापाने दाबून लहान करतं. या फितीचा हॅश मूळ फितीशी जुळणं शक्य नाही, आणि मी सही केली तर ती पेन ड्राइव्हमधल्या फितीवर, कॅमेऱ्यातल्या नव्हे. हे मी त्यांना सांगितलं. जालन्याच्या निकालाचं नाव घेतल्यावर ते जरा सावरून बसले, तो त्यांना पाठ होता. मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे, विचारलं. डीव्हीआर दुकानातच होता, पुंडलिकनगरला. दुकानदाराने अजून त्याला हात लावलेला नव्हता.

"पण ते पंधरा दिवसांनी आपोआप वरून लिहिलं जातं म्हणे."

"अपघात कधीचा?"

त्यांनी बोटांवर मोजलं, मध्येच थांबले, पुन्हा मोजलं.

"वकीलसाहेब," मी राइट ब्लॉकरची पिशवी उचलत म्हटलं, "बसू नका. गाडी काढा."